जँगोवरची रडगाणी: सोलापुरातल्या पोरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी अशोक चौकाच्या आत एका खोलीत आम्ही सात-आठ जण बसतो, कोणी अजून कॉलेजात आहे, कोणी टॉवेलच्या कारखान्याचं बिलिंग सांभाळतंय, एक जण मार्केट यार्डातल्या अडत्याचं सॉफ्टवेअर लिहितोय. चहा येईपर्यंत कामाचं बोलणं आणि चहा आला की जँगोला, म्हणजे पायथन भाषेत वेबसाइट आणि वेब-सॉफ्टवेअर बनवायच्या तयार सांगाड्याला (फ्रेमवर्कला), शिव्या, असं दोन वर्षं चाललंय. प्रश्न तेच तेच येतात आणि मी पण तेच तेच सांगतो, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच ठेवावं, पुढच्या पोराला लिंक फेकली की झालं.

आधी सांगा, जँगो का डीजँगो?

जँगो. डी नावाला आहे, बोलायचा नाही. जँगो राइनहार्ट नावाचा गिटार वाजवणारा होता, त्याच्यावरून नाव ठेवलंय. मुलाखतीत डीजांगो म्हणालात तरी नोकरी जात नाही, मी म्हणालेलो.

यात सगळं आयतं मिळतं म्हणतात, मग साधं मोबाईल नंबरने लॉगिन का होत नाही ओ?

होतं, पण पहिल्या दिवशी ठरवलं तर. हा सगळ्यात जास्त रडवणारा मुद्दा आहे म्हणून जरा नीट सांगतो. जँगोचा आयता यूझर युझरनेम मागतो. आपल्याकडे कारखान्याचा मुनीम युझरनेम म्हणजे काय विचारतो, त्याचा ईमेल त्याच्या मुलाने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड मुलालाच माहीत असतो. त्याला फक्त मोबाईल नंबर पाठ. म्हणजे मोबाईलने लॉगिन पाहिजेच.

त्यासाठी स्वतःचा यूझर मॉडेल (मॉडेल म्हणजे डेटाबेसातल्या टेबलाचं कोडमधलं वर्णन) लिहायचा, युझरनेमच्या जागी मोबाईलची फील्ड सांगायची आणि सेटिंगमध्ये ऑथ यूझर मॉडेल त्याच्यावर लावायचा, हे सगळं पहिली मायग्रेशन (मॉडेलप्रमाणे डेटाबेसातली टेबलं बनवणारी-बदलणारी फाइल) चालवायच्या आधी. जँगोच्या डॉक्युमेंटेशनमध्येच कित्येक वर्षं लिहिलेलं होतं की नवीन प्रोजेक्टला आयता यूझर पुरत असला तरी स्वतःचा बनवा. पण ते वाचतो कोण, आपण सगळे व्हिडिओ बघून शिकलोय आणि व्हिडिओवाला थेट मायग्रेट मारतो.

सहा महिन्यांनी बदलायला गेलात तर बाकीच्या टेबलांच्या फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारे कॉलम) जुन्या यूझरला चिकटलेल्या असतात आणि त्या हाताने सोडवाव्या लागतात. मी एकदा केलंय, एका क्लायंटच्या चालू डेटाबेसवर, रात्री ११ ला बसलो आणि उठलो तेव्हा खाली दूधवाला आला होता. जँगोने सुरुवातीलाच हे विचारावं ही मागणी मला पटते. पण तोवर कोरा प्रोजेक्ट उघडला की आधी यूझर, मग बाकी सगळं.

अ‍ॅडमिन (डेटा भरायची-बघायची जँगोची आयती पानं) इतकं छान आहे, तेच क्लायंटला देऊन टाकू का?

नका देऊ. मोह होतो मान्य आहे, मॉडेल लिहिलं की दहा मिनिटांत लिस्ट, सर्च, फिल्टर सगळं तयार, मालक खूश. पण जँगो जन्मलंय २००३ मध्ये अमेरिकेत, कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात, आणि तो अ‍ॅडमिन तिथल्या बातम्या भरणाऱ्या स्टाफसाठी होता. म्हणजे ज्याला आपण काय करतोय ते कळतं अशा, भरवशाच्या माणसासाठी.

आमच्यातल्या एकाने अ‍ॅडमिन थेट टॉवेलवाल्यांच्या मुनीमकाकांना दिला. काकांनी बंद पडलेली एक पार्टी डिलीट केली. जँगोने विचारलं, याच्याबरोबर हे सगळं पण जाईल, नक्की का? खाली लांबलचक यादी होती, बिलं, चलनं, जमा, सगळं. काकांनी हो दाबलं, कारण आयुष्यभर प्रत्येक सॉफ्टवेअरने त्यांना नक्की का विचारलंय आणि त्यांनी हो दाबलंय. तीन वर्षांची बिलं गेली. बॅकअप आदल्या रात्रीचा होता म्हणून वाचलो.

यात चूक काकांची नाही आणि जँगोची पण नाही, पोराने फॉरेन कीला कॅस्केड (मूळ नोंद गेली की तिला चिकटलेलं सगळं पण काढ) लिहिलं होतं. व्हर्जन २.० पासून जँगो तुम्हाला लिहायलाच लावतं की आई गेली तर लेकराचं काय करायचं. तरी सगळे विचार न करता कॅस्केड टाकतात कारण उदाहरणात तेच असतं. पैशाचा व्यवहार जिथे आहे तिथे प्रोटेक्ट, म्हणजे चिकटलेलं काही असेल तर डिलीटच होऊ देऊ नको. आणि पार्टी डिलीट करायचीच नाही, बंद आहे अशी एक टिकमार्क द्यायची.

डार्क मोड मागणाऱ्यांसाठी: ३.२ पासून आहे, ४.२ पासून बटण पण आहे. पुढे चला.

मराठी नावाचा स्लग (नावावरून बनवलेला लिंकमधला तुकडा) मोडतोय, मीच चुकतोय का?

नाही, यावेळी तू नाही चुकत. आणि हा एक प्रश्न असा आहे की ज्यावर मी जँगोच्या बाजूने बोलणार नाही.

चादर विकणाऱ्या दुकानाची साइट केली, प्रॉडक्टचं नाव 'सोलापुरी चादर', त्याचा स्लग करायला जँगोचं स्लगिफाय फंक्शन वापरलं. हातात काय आलं? रिकामी स्ट्रिंग. कारण साधं स्लगिफाय फक्त इंग्रजी अक्षरं ठेवतं. बरं, मग अलाऊ युनिकोड ट्रू करायचं, म्हणजे इंग्रजीबाहेरची अक्षरं पण ठेव, ते १.९ पासून आहे. केलं. आता आलं 'सलपर-चदर'. काना, मात्रा, उकार, वेलांटी, सगळं साफ. 'शेंगा चटणी' ची होते 'शग-चटण'. सिद्धेश्वराचं नाव टाकून बघू नका, वाईट वाटतं.

का होतं ते समजून घ्या. स्लगिफाय आत पायथनच्या रेगेक्समधलं (मजकुरात नमुना शोधायची खूणभाषा) बॅकस्लॅश डब्ल्यू वापरतं, म्हणजे 'शब्दातलं अक्षर' असेल तेवढं ठेव, बाकी काढ. पायथनच्या मते क हे अक्षर आहे पण त्याला लागलेला काना हे अक्षर नाही, ते युनिकोडमध्ये वेगळ्या गटात मोडतं, मार्क म्हणून. अनुस्वार आणि हलन्त पण त्याच गटात. इंग्रजीवाल्याला याने काही फरक पडत नाही, जर्मनच्या डोक्यावरच्या टिंबांना पण नाही कारण ती एका अक्षरात मिसळलेली येतात. मार खातो तो मराठी, हिंदी, कन्नड, तेलुगूवाला. म्हणजे आपल्या सोलापुरातल्या दुकानांच्या पाट्यांवर ज्या भाषा दिसतात, त्या इंग्रजी सोडून सगळ्या. पायथनच्या ट्रॅकरवर (चुका आणि मागण्या नोंदवायची साइट) ही तक्रार २००७ पासून पडून आहे.

नुसतं घाण दिसतं एवढंच नाही. 'चादर' आणि 'चादरी' दोन्हींचा स्लग 'चदर'. तुमच्या स्लगला युनिक लावलेलं असतं, त्यामुळे दुसरं प्रॉडक्ट सेव्ह करताना एरर येतो आणि पोरगं दोन तास डेटाबेस तपासत बसतं.

तुम्ही म्हणाल मी हाताने बरोबर स्लग लिहीन. लिहा. स्लगफील्डची तपासणी पण तेच बॅकस्लॅश डब्ल्यू वापरते, त्यामुळे फॉर्म म्हणतो हा स्लग चालत नाही. यूआरएलमधला स्लग कन्व्हर्टर (लिंकमधून स्लग ओळखणारा भाग) तर फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि अंडरस्कोअर घेतो.

आमचा तोडगा: साधी मजकुराची कॅरफील्ड घ्या, स्वतःचं चार ओळींचं फंक्शन लिहा ज्यात देवनागरीचा अख्खा युनिकोड पट्टा, ०९०० ते ०९७एफ, ठेवायचा म्हणून सांगितलंय, तेलुगू-कन्नड लागत असेल तर त्यांचे पट्टे पण जोडा, दंड आणि पूर्णविराम आधी काढून टाका आणि यूआरएलमध्ये स्लगच्या जागी एसटीआर कन्व्हर्टर वापरा. पायथनचं वेगळं मिळणारं रेगेक्स नावाचं पॅकेज पण मात्रा नीट धरतं, पण चार ओळींसाठी अजून एक पॅकेज कशाला.

मग सगळे इंग्रजीतच स्लग करतात तसं करू की?

कर, व्हॉट्सअ‍ॅपवर मराठी लिंक पाठवली की टक्के-टक्के करत हातभर लांब होते हे खरंच आहे. पण ते तू ठरवलेलं असावं, फ्रेमवर्कने तुझी वेलांटी खाल्ली म्हणून नको.

लाखाचा कॉमा बरोबर जागी का येत नाही?

१,२३,४५६ पाहिजे आणि १२३,४५६ येतंय, बरोबर? सेटिंगमध्ये नंबर ग्रुपिंग म्हणून आहे, त्याला ३, २, ० असे तीन आकडे दिले की लाख-कोटी जमतं, १.११ पासून सोय आहे. पण सेटिंगमध्ये लिहूनही काही होत नाही, आणि इथे सगळे अडकतात. कारण जँगो आधी भाषेची फॉरमॅटची फाइल बघतं, तिथे काही सापडलं तर तुमच्या सेटिंगला विचारतच नाही. इंग्रजीच्या फाइलमध्ये ३ लिहिलेलं आहे. म्हणून स्वतःची फॉरमॅट फाइल करायची आणि फॉरमॅट मॉड्यूल पाथमध्ये तिचा पत्ता द्यायचा.

आणि कॉमा चालू झाला की पुढची गंमत बघा. टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) जिथे जिथे आयडी छापलाय तिथे पण कॉमा येतो. बिल आयडी १०२४ होता तो बटणावर १,०२४ झाला, जावास्क्रिप्टने तो सर्व्हरला पाठवला, सर्व्हर म्हणाला असं बिलच नाही. पहिली ९९९ बिलं सगळं छान चालतं ओ! हजारावं बिल झालं की क्लायंटचा फोन. आयडीला अनलोकलाइझ फिल्टर लावत चला.

(कोणीतरी विचारलं होतं की मराठी आकडे टाइप केले तर? पायथनला '४५०' कळतं, ते थेट ४५० होतं, काही करावं लागत नाही. ब्राउझरचा नंबरवाला बॉक्स बहुतेक वेळा घेत नाही, साधा टेक्स्ट बॉक्स ठेवा.)

पहाटेच्या नोंदी कालच्या तारखेला का पडतायत?

हा यार्डवाल्याचा प्रश्न. कांद्याच्या गाड्या रात्रभर येतात, गेटवर पहाटे ३-४ ला नोंद होते आणि रिपोर्टमध्ये ती आदल्या दिवशी दिसते. अडत्या म्हणतो तुमचं सॉफ्टवेअर झोपेत असतंय काय. आपलं घड्याळ युटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहे, त्यामुळे पहाटे ५.३० पर्यंत युटीसीत कालचाच दिवस असतो. टाइम झोन एशिया/कोलकाता लावलं तरी टाइमझोन डॉट नाऊ युटीसीचीच वेळ देतं, आणि त्यातून तारीख काढली की कालची. टाइमझोन डॉट लोकलडेट वापरा, संपलं.

मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांनी अजून एक करायचं, त्यात टाइम झोनची टेबलं वेगळी भरावी लागतात, नाहीतर तारखेवरचं फिल्टर बरोबर चालत नाही.

बिल नंबर आणि आर्थिक वर्ष मिळून प्रायमरी की (टेबलातल्या नोंदीची एकमेव ओळख) करता येत नाही, एवढं साधं का नाही दिलं?

दिलं, पण वीस वर्षांनी! ही मागणी जँगोच्या ट्रॅकरवर ३७३ नंबरच्या तिकिटात २००५ साली आली, म्हणजे जँगो लोकांसमोर आलं त्याच वर्षी, आणि ती पूर्ण झाली एप्रिल २०२५ मध्ये, ५.२ ला. आमच्यातली एक मुलगी या तिकिटापेक्षा लहान आहे.

वीस वर्षं का लागली? कारण जँगोतली प्रत्येक गोष्ट, अ‍ॅडमिन, फॉरेन की, फॉर्म, सगळं धरून चालतं की प्रायमरी की म्हणजे एकच कॉलम. एक वीट बदलायची म्हटलं तर सगळी भिंत हलते. आजही ५.२ मध्ये अशा मॉडेलकडे साधी फॉरेन की लावता येत नाही आणि ते अ‍ॅडमिनमध्ये पण टाकता येत नाही.

आता तुमच्या कामाचं बोलू. तुम्हाला अशी दोन कॉलमची मिळून, म्हणजे कॉम्पोझिट, की नकोच आहे. जीएसटीचा नियम म्हणतो की बिलाचा नंबर एका आर्थिक वर्षात दोनदा येऊ नये, ओळीने असावा आणि १६ अक्षरांच्या आत असावा. तर आयडी राहू दे जसा आहे तसा, वर्ष आणि नंबर या दोघांवर मिळून युनिक कन्स्ट्रेंट (तीच जोडी दोनदा येऊ न देणारी अट) लावा, ते २.२ पासून आहे. १ एप्रिलला नंबर परत १ पासून. फक्त शेवटचा नंबर अधिक एक असं करताना दोन मुनीम एकदम सेव्ह दाबू शकतात, म्हणून ट्रान्झॅक्शनमध्ये (एक तर सगळं होतं नाहीतर काहीच नाही) सिलेक्ट फॉर अपडेट घ्या, ते एकाचं होईपर्यंत दुसऱ्याला थांबवतं.

मायग्रेशनचं भांडण कसं सोडवायचं?

दोघांनी वेगवेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतींवर) १४ नंबरची मायग्रेशन बनवली असेल तर मेकमायग्रेशन्सला मर्ज सांगा. फाइल डिलीट करून परत बनवू नका, सर्व्हरवर ती आधीच चाललेली असते.

खरा त्रास वेगळा आहे. मे महिना, पारा ४३ वर, कारखान्याच्या ऑफिसातच ठेवलेला सर्व्हर, मायग्रेशन अर्ध्यात आणि लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मालक पुढच्या महिन्यात बदलणार होते. डेटाबेस मायएसक्यूएल. त्यात टेबलचा बदल अर्ध्यातून मागे घेता येत नाही, म्हणजे दोन कॉलम आले, तिसरा नाही, आणि जँगो म्हणतंय मायग्रेशन चाललीच नाही, परत चालवली तर म्हणतंय कॉलम आधीच आहे. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अख्खी मायग्रेशन एक तर होते नाहीतर होत नाही. तेव्हापासून नवीन काम पोस्टग्रेसवरच घेतो.

जुने लोक सांगतात की १.७ च्या आधी, म्हणजे २०१४ पर्यंत, मायग्रेशन हे जँगोत नव्हतंच, साउथ नावाचं वेगळं पॅकेज लावायचे, आणि त्याच्याच लेखकाने, अँड्र्यू गॉडविनने, २०१३ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करून ते जँगोच्या आत आणलं.

जँगो स्लो आहे, दुसरीकडे जाऊ का?

बिलाची लिस्ट काढताना प्रत्येक ओळीत पार्टीचं नाव दाखवताय ना? २०० बिलांना २०१ क्वेरी (डेटाबेसला विचारणा) जातायत. सिलेक्ट रिलेटेड लावा, ते बिलं आणि पार्ट्या एकाच क्वेरीत आणतं, आणि मग सांगा.

असिंक (एक काम वाट बघत असताना दुसरं चालू ठेवायची सोय) कधी पूर्ण होणार?

३.१ मध्ये व्ह्यू असिंक झाले, ४.१ मध्ये ओआरएमला (जँगोचा डेटाबेसशी बोलणारा भाग) असिंक मेथड आल्या, पण आतून बऱ्याच ठिकाणी अजून थ्रेडच आहेत आणि ट्रान्झॅक्शन असिंकमध्ये चालत नाही. पूर्ण झालं तरी तुझ्या बारा मुनीमांना फरक पडणार नाही.

महिनाअखेरीला ४०० बिलांच्या पीडीएफ करायला सेलरी (मागच्या मागे कामं करणारं वेगळं पॅकेज) लागतंच का? ६.० मध्ये टास्क आलंय ना?

आलंय, डिसेंबर २०२५ मध्ये, आणि नाव ऐकून सगळे नाचले. पण नीट वाचा. जँगोने दिलंय ते काम सांगायची पद्धत, काम करणारा गडी नाही दिला. बरोबर येणारे दोन बॅकएंड आहेत, एक जागच्या जागी काम करून टाकतो आणि दुसरा काहीच करत नाही, दोन्ही डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगसाठी. खऱ्या कामाला बाहेरचा वर्कर लागतोच. ४०० पीडीएफसाठी मी सेलरी, रेडिस काहीच लावत नाही, एक मॅनेजमेंट कमांड लिहितो आणि क्रॉनला (सर्व्हरवर ठरल्या वेळी काम सुरू करणारा) रात्री २ ची वेळ देतो. कंटाळवाणं आहे, चालतंय.

कोणतं व्हर्जन घेऊ?

क्लायंटचं काम असेल तर ५.२, त्याला एप्रिल २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. दर आठ महिन्यांनी नवीन व्हर्जन येतं, पण इथला मालक "चालतंय की, कशाला हात लावता" म्हणतो आणि अपग्रेडचे पैसे देत नाही, त्यामुळे लांब टिकणारंच घ्या आणि अपग्रेडची ओळ कोटेशनमध्ये पहिल्या दिवशीच टाका.

आपली मागणी जँगोवाल्यांकडे कोणी ऐकतं का?

ऐकतात, पण मागायची पण पद्धत आहे. आधी एक बघा की ती मागणी फ्रेमवर्कची आहे का तुमच्या अ‍ॅपची. आमच्या रविवारच्या वहीत ३० एक मागण्या आहेत, त्यातल्या माझ्या मते चार-पाच खऱ्या जँगोच्या, बाकी आपण डॉक्युमेंटेशन वाचलं नाही त्याच्या.

बग असेल तर ट्रॅकरवर तिकीट, नवीन फीचर असेल तर थेट तिकीट नाही, आधी चर्चा. तिकिटावर वोन्टफिक्स, म्हणजे 'हे करणार नाही', असा शिक्का बसला की पोरं चिडतात, परत उघडतात, तसं करायचं नाही, तो नियमच आहे तिथला. तिथे पगारावर मोजकी माणसं आहेत, फेलो म्हणतात त्यांना, बाकी सगळे आपापली नोकरी सांभाळून करतात. त्यांना 'अर्जंट प्लीज' लिहून काय होणार?

इंग्रजीची भीती सोडा. 'हे टाकलं, हे आलं, हे यायला पाहिजे होतं' अशा तीन ओळी आणि चालवून बघता येईल असा छोटा कोड, बास. मात्रेच्या बाबतीत तर आपल्याइतकं नीट कोण सांगणार, कॅन्ससच्या माणसाला 'सलपर' बघून काही खटकणारच नाही. आमच्यातले दोघं त्याच्या टेस्ट लिहितायत, मराठी, कन्नड आणि तेलुगूचे दहा-दहा शब्द, तेलुगूचे शब्द एकीच्या आजीला विचारून.

अ‍ॅडमिन मराठीत दिसतो का?

भाषेचा कोड एमआर लावा, भाषांतर झालेलं आहे तेवढं दिसेल. जे शब्द विचित्र वाटतील ते ट्रान्सिफेक्स नावाच्या भाषांतराच्या साइटवर सुधारता येतात, त्याला कोड लिहायला यावा लागत नाही. विंडोजवर स्वतःच्या अ‍ॅपचं भाषांतर करताना मेकमेसेजेस ही कमांड ओरडली तर गेटटेक्स्ट हे भाषांतराचं साधन वेगळं इन्स्टॉल करा.

मालक विचारतायत, बिल सेव्ह केलं की आपोआप पार्टीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जायचं फीचर जँगोत कधी येणार?

येणार नाही. ते तुम्हीच लिहायचं, व्हॉट्सअ‍ॅपची एपीआय (आपलं सॉफ्टवेअर जोडायची सोय) वेगळी आहे आणि तिचे पैसे पडतात, हे ऐकल्यावर मालक म्हणतील राहू दे, पीडीएफचं बटण दे, मुनीम पाठवेल.